‘कळवतो’ म्हणजे नेमकं काय? रिक्रूटर गप्प का बसतात आणि ते कसं सुधारता येईल

पोहे खाऊन, चहा पिऊन मंडळी उठतात. चपला घालता घालता मुलाचे काका म्हणतात, “कळवतो.” काय ते घरातल्या सगळ्यांना तिथेच कळलेलं असतं, तरी पुढचे आठ दिवस फोनकडे कान लागलेला असतोच. नोकरीच्या बाजारात हाच शब्द इंग्रजी कपडे घालून येतो, “वुई विल गेट बॅक टू यू”, आणि तिथे आठ दिवसांचे दोन महिने होतात.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने या ‘कळवतो’वर चक्क कायदा केला. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या मालकाने जाहीर जाहिरात देऊन कुणाची मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीनंतर ४५ दिवसांच्या आत भरतीचा निर्णय झाला का, हे त्या माणसाला कळवावं लागतं. शिवाय जाहिरातीत पगार किती ते किती हे लिहायचं, जागा खरोखर रिकामी आहे का ते सांगायचं, निवडीसाठी एआय वापरत असाल तर तसं नमूद करायचं. ‘कॅनडातलाच अनुभव हवा’ ही अटही आता जाहिरातीत घालता येत नाही. पुण्यात दहा वर्षं इंजिनिअर म्हणून काढून तिथल्या मिसिसागाला गेलेल्या माणसाला ही शेवटची ओळ काय आहे, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे असा कायदा नाही. मी पुण्यात चौदा वर्षं भरतीचं काम करते. आधी एका कन्सल्टन्सीत, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या संस्थेत होते, आता एका कंपनीच्या आतल्या टीममध्ये आहे. लग्नकार्यात कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतंच, “तुमचे लोक आधी दिवसातून चारदा फोन करतात आणि मुलाखत झाली की गायब कसे होतात गं?” या प्रश्नाला ‘माणसं उद्धट असतात’ हे उत्तर सोपं आहे. काही असतातही. पण मी स्वतः अनेकदा गायब झालेय आणि मी काही फार उद्धट बाई नाही. पैसा कुठून कुठे जातो आणि महिनाअखेरीला काय मोजलं जातं, हे पाहिलं की बराच उलगडा होतो.

रिक्रूटर नेमका कुणाचा माणूस?

पुण्यात भाड्याने फ्लॅट घेतला असेल तर एजंट माहीत असेलच. एक महिन्याचं भाडं तो तुमच्याकडून घेतो, एक महिन्याचं मालकाकडून. दोघांचं खातो, म्हणून निदान किल्ली मिळेपर्यंत दोघांचेही फोन उचलतो.

कन्सल्टन्सीचा नेहमीचा दर ऐका: वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के. सीटीसी म्हणजे तुमच्यापायी कंपनीला वर्षभरात पडणारा एकूण खर्च. आणि ८.३३ म्हणजे शंभर भागिले बारा, थोडक्यात एक महिना. वरच्या जागांना दर चढतो, मोठ्या कंपन्या घासाघीस करून खाली आणतात, पण पाया हाच. एजंटसारखाच एक महिना, मात्र तो फक्त कंपनी देते. उमेदवार काही देत नाही. म्हणजे गिऱ्हाईक कंपनी आहे. तुम्ही, ऐकायला बरं वाटणार नाही, पण माल आहात.

हा पैसा मिळतो तुम्ही रुजू झाल्यावर. वीस जणांच्या मुलाखती घडवून आणल्या तरी हातात शून्य. ऑफर निघाली तरी शून्य. रुजू होऊन साठ-नव्वद दिवसांत तुम्ही सोडून गेलात तर ‘रिप्लेसमेंट’, म्हणजे त्याच पैशात दुसरा माणूस शोधून द्यायचा. त्यात कंपनी एकच जागा चार-सहा कन्सल्टन्सींना देऊन ठेवते आणि ज्याच्याकडून बायोडाटा आधी पोचला, उमेदवार त्याचा.

आता पावणेबाराला फोन करून “साडेबाराला झूमवर येता का?” असं का विचारतात ते लक्षात येईल. तुम्ही चाकणच्या शॉपफ्लोअरवर कानात इअरप्लग घालून उभे आहात, सुपरवायझर समोर आहे, हे फोन करणाऱ्या मुलीला माहीत नसतं. ती मुलगी म्हणजे बहुतेक वेळा बावीस-तेवीस वर्षांची, पहिल्याच नोकरीतली, रोज दहा ‘लाइन-अप’चं, म्हणजे दहा जणांना मुलाखतीसाठी तयार करायचं, टार्गेट असलेली. कधीकधी ती तुम्हाला न विचारताच बायोडाटा पुढे ढकलते. तोच बायोडाटा दोन कन्सल्टन्सींकडून एका कंपनीत पोचला की ‘डुप्लिकेट’ म्हणून वाद होतो आणि वादात पडण्यापेक्षा कंपनी तुमचं नाव बाजूला ठेवते. त्यात तुमची चूक काहीच नसते.

यातली सुधारणा फुकटची आहे: कंपनीचं नाव, जागा आणि ठिकाण सांगून “तुमचा बायोडाटा तिकडे पाठवू का?” असं लिखित विचारायचं आणि ‘हो’ आल्याशिवाय पाठवायचा नाही. ‘क्लायंटचं नाव आत्ता सांगता येत नाही’ हे उत्तर दर वेळी खरंच असतं असं नाही. भीती एवढीच असते की उमेदवार थेट जाऊन अर्ज करेल.

कंपनीच्या आतल्या रिक्रूटरला कमिशन नसतं, पगार असतो. पण त्याचाही हिशेब किती जागा भरल्या आणि किती दिवसांत भरल्या यावरच होतो. किती जणांना वेळेत ‘नाही’ कळवलं, असा रकाना चौदा वर्षांत मला कुठल्याच मासिक अहवालात दिसलेला नाही.

वेटिंग लिस्ट आहे, नंबर मात्र सांगायचा नाही

गप्प बसण्याचं सगळ्यात मोठं कारण बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नसतं. ते आहे नोटीस पिरियड, म्हणजे राजीनामा दिल्यावरही जुन्या कंपनीत काढावे लागणारे दिवस.

समजा शेवटच्या फेरीपर्यंत तिघं आले. एकीवर सगळ्यांचं एकमत झालं, तिला ऑफर गेली. तिचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. आपल्या आयटीत हे सर्रास आहे, कारखान्यांतही वरच्या जागांना. या तीन महिन्यांत तिची जुनी कंपनी पगार वाढवून तिला थांबवू शकते. हातातली ऑफर दाखवून ती तिसरीकडून जास्त मिळवू शकते. ती येईल याची खात्री ती गेटमधून आत येईपर्यंत कुणालाच नसते.

म्हणून दुसऱ्या क्रमांकाला ‘नाही’ म्हणायचं नाही. आमच्या भाषेत याला ‘होल्ड’ म्हणतात. दुसऱ्याने विचारलं की सांगायचं, “प्रोसेस चालू आहे”, “मॅनेजर ट्रॅव्हल करतायत”, “बजेट अप्रूव्हल यायचंय”. यातलं एखादं कारण अधूनमधून खरंही असतं.

आता रेल्वे काय करते बघा. सोलापूरला जायचंय, तिकीट वेटिंगवर आहे. रेल्वे तुम्हाला नंबर सांगते: वेटिंग १४. तो १४ चा ९ झाला, ९ चा ३ झाला हे दिसतं. चार्ट लागणार म्हणजे लागणार, आणि त्यानंतर आत की बाहेर ते समजतं. वेटिंग १४ ला कुणी रेल्वेच्या नावाने बोटं मोडत नाही, माणूस गुपचूप शिवशाहीचं तिकीट बघतो. आम्ही मात्र तेच वेटिंग तिकीट हातात देतो, त्यावरचा नंबर खोडतो आणि वर म्हणतो, “सर, तुम्ही कन्फर्मसारखेच आहात.”

बार्शीचा मुलगा

मी कन्सल्टन्सीत असतानाची गोष्ट. मूळचा बार्शीचा, चाकणला भाड्याच्या खोलीत राहणारा एक क्वालिटी इंजिनिअर होता. तीन फेऱ्या चांगल्या झाल्या होत्या. तो दुसऱ्या क्रमांकावर होता, हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. त्याचा तिसरा फोन आला तो शुक्रवारी संध्याकाळी.

“मॅडम, नाही असेल तर नाही म्हणा. मला वाईट नाही वाटणार. खोलीचं ॲग्रीमेंट संपतंय, ते पुढं करायचं का नाही, इथं राजीनामा टाकायचा का नाही, सगळं तुमच्यापाशी अडलंय.”

मी म्हणाले, “मॅनेजरकडून फीडबॅक यायचाय, सोमवारी कळवते.” पहिल्या उमेदवाराला ऑफर जाऊन तीन आठवडे झाले होते. एक्सेलमध्ये त्या मुलाच्या नावापुढे पिवळ्या रंगात ‘होल्ड’ लिहिलेलं होतं आणि ते माझ्या समोर उघडं होतं. पुढे पहिला उमेदवार रुजू झाला. मग कळलं की या मुलाने मधल्या काळात रांजणगावची एक ऑफर आमच्यासाठी नाकारली होती. हे त्याने मला रागावून नाही सांगितलं. पुढच्या एका जागेसाठी मीच फोन केला तेव्हा सहज बोलण्यात आलं, आणि त्यानंतर “सध्या नको मॅडम” म्हणून त्याने फोन ठेवला.

आता मी दुसऱ्या क्रमांकाला असा मेसेज पाठवते: “या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराला ऑफर दिली आहे. त्या १८ तारखेला रुजू होणार आहेत. काही कारणाने आल्या नाहीत तर पहिला फोन तुम्हाला करेन. काय होईल ते १८ ला संध्याकाळी कळवेन. मधल्या काळात दुसरीकडून ऑफर आली तर आमच्यासाठी थांबू नका.”

हा मेसेज पहिल्यांदा पाठवला तेव्हा आमच्या मॅनेजरने कपाळाला हात लावला. “राखीव खेळाडूला स्वतःच मैदानाबाहेर काढतेस!” पण माझा अनुभव उलटा आहे. तारीख मिळाली की माणूस शांत होतो आणि बहुतेक जण थांबतात. जे निघून जातात ते तसेही जाणारच होते, फक्त आधी न सांगता गेले असते. आणि १८ तारखेला, जागा भरली असली तरी, तो मेसेज करायचाच. नाहीतर आधीचाही पाठवला नसता तर बरं, अशी गत होते.

“एका जागेला पाचशे अर्ज येतात. सगळ्यांना कसं कळवणार?”

आमच्या लोकांचा हा लाडका प्रतिवाद. त्यात तथ्य आहे. पाचशे फोन कुणीच करू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. ऑन्टारिओचा कायदासुद्धा फक्त मुलाखत झालेल्यांबद्दल बोलतो.

माणसाने तुमच्यासाठी जेवढा वेळ घालवला, त्या मापाने उत्तर द्यावं, असं मी धरते. नुसतं बटण दाबून अर्ज केलेल्याला जागा बंद झाल्यावर आपोआप जाणारा मेल पुरे. बहुतेक कंपन्यांच्या एटीएसमध्ये, म्हणजे अर्ज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ती सोय असते. ती चालू करायला कुणी जात नाही, इतकंच. फोनवर अर्धा तास बोललेल्याला दोन ओळींचा व्हॉट्सॲप मेसेज करायचा. आणि जो रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, पीएमपी बदलत हिंजवडीला आला, एक तास रिसेप्शनवर बसला, त्याला फोन. असे लोक एका जागेला चार-पाचच असतात. चार फोनना वीस मिनिटं लागतात. वेळ जातो तो फोन करण्यात नाही, फोन करायचा की नाही हे टाळत बसण्यात.

“कारण सांगितलं की वाद घालतात”

हे होतं. “कम्युनिकेशन कमी पडलं” असं म्हटलं की समोरून येतं, “म्हणजे माझं इंग्रजी वाईट आहे का?” मग रिक्रूटर पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

मुळात बऱ्याचदा सांगण्यासारखं कारणच नसतं. मॅनेजरने उमेदवाराशी चाळीस मिनिटं गप्पा मारल्या. गाव कुठलं, कॉलेज कुठलं, स्वतःबद्दल सांगा, पाच वर्षांनी कुठे असाल. मग बाहेर येऊन म्हणाला, “ठीक आहे, पण मजा नाही आली.” या ‘मजा नाही आली’चं आम्ही ‘कल्चर फिट नाही’ असं भाषांतर करतो. त्यातून उमेदवाराने काय शिकायचं?

मुलाखतींवर मानसशास्त्रात दशकानुदशकं संशोधन झालंय. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते सगळं पुन्हा तपासलं. पुढे माणूस काम कसं करेल याचा अंदाज कशाने चांगला येतो, या यादीत सगळ्यात वर आली ती ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत: सगळ्यांना तेच प्रश्न, उत्तराला त्याच मोजपट्टीने गुण. मोकळ्या गप्पांची मुलाखत बरीच खाली राहिली. आणि आपण जाहिरातीत ठळक छापतो ती ‘अनुभवाची वर्षं’ जवळजवळ तळाला.

बार्शीच्या मुलाच्याच जागेचं उदाहरण घ्या. एक प्रश्न असा ठरवता येतो: “गिऱ्हाइकाकडून पार्ट रिजेक्ट होऊन आलाय, तुमची लाइन चालू आहे, पहिल्या तासात काय काय कराल?” एक जण म्हणतो, कारण शोधतो, रिपोर्ट बनवतो. दुसरा म्हणतो, आधी लाइनवरचा, स्टोअरमधला आणि गाडीत भरलेला माल वेगळा करून तपासायला लावतो, मग कारण. दुसऱ्याला जास्त गुण, कारण पहिल्या तासात खराब माल बाहेर जाणं थांबवणं महत्त्वाचं. आता पहिल्याला ‘नाही’ सांगताना माझ्याकडे खरं वाक्य असतं: “तक्रार आल्यावर आधी माल अडवण्याचा मुद्दा तुमच्या उत्तरात आला नाही, आम्ही तो सगळ्यांमध्ये बघत होतो.” यावर माझ्याशी कुणी वाद घातलेला मला आठवत नाही. मागे एकाने “हो, तिथं चुकलंच” एवढंच लिहिलं.

ठरलेल्या प्रश्नांचा दुसरा फायदा जास्त अवघड जागेवरचा आहे. यूजीसीचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात, आपल्या अमरावतीकडचे, आणि पॉल ॲटेवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, वेगळं होतं ते फक्त नाव. उच्चजातीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता ढोबळमानाने दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. आडनाव वाचून “मूळचे कुठले तुम्ही?” असं विचारणाऱ्या मुलाखती मी शेकड्यांनी ऐकल्यात. विचारणारा दर वेळी शपथेवर सांगेल की त्याने सहज विचारलं. ठरलेल्या पाच प्रश्नांत तो प्रश्न बसतच नाही, म्हणून ते पाच प्रश्न मला प्रिय आहेत.

पगार: सहा लाख म्हणजे नक्की किती?

रिक्रूटरचा पहिला फोन नेहमी तीन प्रश्नांचा असतो. करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. उमेदवाराने आपले सगळे पत्ते उघडे करायचे, आम्ही मात्र जागेचं बजेट सांगायचं नाही, “इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे” म्हणायचं. भाजीवालीने आधी तुमच्या पाकिटात किती आहेत ते विचारावं आणि मग वांग्यांचा भाव ठरवावा, तसं हे आहे.

याने नुकसान कुणाचं होतं? जो आधीच कमी पगारावर अडकलाय त्याचं. तीन लाखांवर असलेल्याला “तीस टक्के वाढ” म्हणून जवळपास चार देतात, आणि शेजारच्या खुर्चीत त्याच कामाचे सात घेणारा बसलेला असतो. बाळंतपणानंतर कमी पगारावर परत आलेल्या बायकांच्या बाबतीत ही आधीच्या पगाराची सावली वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. युरोपियन युनियनने हे ओळखून २०२३ मध्ये निर्देश काढला: आधीचा पगार विचारायचा नाही आणि पगाराची पट्टी उमेदवाराला आधी सांगायची. सदस्य देशांना आपापले कायदे करायला ७ जून २०२६ ही मुदत दिलेली होती.

दुसरी गंमत सीटीसीतच आहे. सहा लाखांची ऑफर ऐकली की घरी लगेच हिशेब होतो, महिन्याला पन्नास हजार. प्रत्यक्षात? बेसिक निम्मं, म्हणजे तीन लाख धरू. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, ३६,००० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या ४.८१ टक्के, १४,४३०. ती साधारण पाच वर्षं टिकलात तर. व्हेरिएबल, म्हणजे पगाराचा बदलता भाग, दहा टक्के धरा, ६०,०००, कंपनीची मर्जी आणि नफा दोन्ही जुळले तर. हे सगळं सहा लाखांच्या आतच मोजलेलं असतं. उरले ४,८९,५७०. त्यातून तुमचा पीएफचा वाटा पुन्हा ३६,०००, महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५००. भागिले बारा केलं की महिन्याला हातात येतात साधारण साडेसदतीस हजार. पन्नासच्या हिशेबाने घराचा हप्ता ठरवणाऱ्याला पहिल्या पगाराला काय वाटत असेल?

रिक्रूटरला हा कागद बनवायला पाच मिनिटं लागतात, कारण आमच्याकडे त्याची तयार शीट असते. ती ऑफरनंतर नाही, पहिल्या किंवा दुसऱ्या फोनलाच पाठवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यांत वेतनाची व्याख्या बदलली आहे: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पीएफ-ग्रॅच्युइटीची गणितं हलणार आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणंही त्यातच बंधनकारक झालंय. आता तर हा कागद आधी दाखवणं जास्तच गरजेचं आहे.

“पण पट्टी जाहीर केली तर आतले जुने लोक भांडतील ना?” भांडतील. आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असेल. त्यावर उपाय जुन्यांचे पगार बघणं हा आहे. नव्याला अंधारात ठेवून जुन्यांचा प्रश्न सुटत नाही, फक्त कॅन्टीनमध्ये पगार कळायला दोन महिने लागतात.

बायोडाटा खरंच मशीन फेकून देतं का?

थोडं थोडं. व्हॉट्सॲपवर फिरतं तितकं नाही. बहुतेक वेळा होतं असं: रिक्रूटर नोकरीच्या पोर्टलवर शोधायला बसते, ‘व्हीएमसी’ (धातू कापणारं एक संगणकचालित मशीन), ‘पुणे’, ‘नोटीस १५ दिवस’ असे शब्द टाकते, गेल्या महिन्याभरात प्रोफाइल उघडलेले लोक वर येतात, ती पहिली चार पानं बघते. ज्याने व्हीएमसी मशीनवर सहा वर्षं काढली पण बायोडाटात ‘मशीन ऑपरेटर’ एवढंच लिहिलंय, तो दिसतच नाही. त्याला कुणी नाकारलेलं नाही, त्याच्यापर्यंत कुणी पोचलेलंच नाही.

म्हणजे निम्मी चूक शोधणाऱ्याचीही आहे. जाहिरात कामगार बोलतो त्या शब्दांत लिहा, मराठीतही द्या. ठिकाण ‘पुणे’ लिहून पन्नासेक किलोमीटरवरच्या रांजणगावला बोलावू नका. बस कुठून सुटते, शिफ्ट किती, जेवणाचे पैसे कापतात का, हे लिहिलं की निम्मे निरर्थक फोन वाचतात. जिथे खरोखर एआय गुण देतं तिथे जास्त सावध राहावं लागेल. अमेझॉनने जुन्या अर्जांवर शिकवलेलं असं एक साधन बायकांचे अर्ज मागे ढकलत होतं आणि कंपनीने ते गुंडाळलं, ही बातमी २०१८ ची. जुनी भरती जशी झाली तशीच नवी करायला ते शिकलं होतं, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष.

“उमेदवार तरी कुठे सरळ असतात?”

नसतात. हे लिहिल्याशिवाय माझे सहकारी मला सोडणार नाहीत. रुजू व्हायच्या दिवशी सकाळी फोन बंद. लॅपटॉप तयार, ओळखपत्र छापलेलं, माणूस नाही. तीन ऑफर खिशात ठेवून चौथीसाठी भाव करणारे आहेत, अनुभवाची खोटी पत्रं आणणारेही आहेत.

पण हे दोन्हीकडचं गप्प बसणं एकाच मुळातून येतं. तीन महिन्यांच्या नोटिशीत दोघांनाही एकमेकांची खात्री नसते, म्हणून दोघंही राखीव ठेवतात. ऑफर आणि रुजू होण्याच्या मधल्या काळात मी दर पंधरा दिवसांनी फोन करते, आणि “येणार ना नक्की?” असं विचारत नाही. विचारते, “दुसरं काही हातात आलंय का? आलं असेल तर सांगा, मी रागावणार नाही.” हे म्हणायला मला काही वर्षं लागली. लोक सांगतात. कधी कधी सांगतात ते ऐकून दिवस खराब होतो, पण १८ तारखेच्या सकाळी कळण्यापेक्षा ते बरं.

पैसे आणि कागदपत्रं

इथे फार समजावण्यासारखं काही नाही. उमेदवाराकडून पैसे घेऊ नयेत, हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचा दंडक आहे. भारताने तो मान्य केलेला नाही, पण ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘ट्रेनिंग डिपॉझिट’, ‘लॅपटॉपचे पैसे’ मागणारा माणूस रिक्रूटर नव्हेच, हे मी डोळे झाकून सांगते. परदेशातल्या नोकरीचे एजंट हा अपवाद. त्यांना सरकारकडे नोंदणी करावी लागते, नावं ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतात, आणि घ्यायच्या रकमेला तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे.

आणि पहिल्याच फोनला आधार, पॅन, तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागायची आमची सवय. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतायत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्यासाठीच वापरायची, काम संपलं की ठेवायची नाही, असा त्याचा साधा अर्थ. माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका पेनड्राइव्हमध्ये हजारो लोकांचे पॅन होते आणि तो पेनड्राइव्ह कुणाकडे आहे हे ठरवायला अर्धा दिवस गेला होता.

पिवळा रंग

आमच्या आत्ताच्या शीटमधून ‘होल्ड’ हा शब्द मी काढून टाकलाय. त्या जागी दोन रकाने आहेत: ‘कितवा’ आणि ‘कधी कळवायचं’. तारीख उलटली की तो चौकोन लाल होतो, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये शीट पडद्यावर असते, त्यामुळे लाज वाटून का होईना, लोक रविवारी रात्री मेसेज टाकतात.

गेल्या महिन्यात अशाच एका रविवारी मी एका मुलीला कळवलं की जागा भरली, तिचा नंबर लागला नाही. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दोन मिनिटांत उत्तर आलं: “ओके मॅडम. मग उद्या सकाळी दुसऱ्यांना हो म्हणते.”